तीन सेंटची खोट

१६ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका फंडाच्या युनिटचा भाव एक डॉलरवरून सत्त्याण्णव सेंटवर आला. आदल्याच दिवशी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली होती. दीड शतक जुनी पेढी कोसळत असताना तीन सेंटांची ती काय मातब्बरी! तरीही पैशाच्या इतिहासातली मोठमोठी पडझड वाचताना मन अडकतं ते या तीन सेंटांपाशीच. तो फंड म्हणजे रिझर्व्ह प्रायमरी फंड, आणि तो काही श्रीमंत होण्यासाठी निवडायचा फंड नव्हता. पगार वाटायला लागणारे, कर भरायला बाजूला काढलेले, दोन महिन्यांनी कुणाला तरी द्यायचे असलेले पैसे लोक तिथे ठेवत. युनिट कायम एका डॉलरचं, बँकेपेक्षा जरासं जास्त व्याज, आणि मागाल तेव्हा पैसे परत. सुमारे ६,२०० कोटी डॉलरच्या त्या फंडात लेहमनला अल्प मुदतीसाठी दिलेल्या कर्जाचे कागद होते ७८.५ कोटींचे, म्हणजे शंभरात सव्वा. तेवढ्यावरून दोन दिवसांत फंडातली निम्म्याहून जास्त रक्कम परत मागितली गेली. जे पहिल्या काही तासांत पोचले त्यांना अख्खा डॉलर मिळाला. मग खिडकी बंद झाली.

उरलेल्यांना शेवटी डॉलरमागे साधारण नव्व्याण्णव सेंट मिळाले. म्हणजे खरा तोटा जेमतेम एका सेंटाचा; एखाद्या बऱ्या दिवशी शेअर बाजार दुपारपर्यंत त्याहून जास्त हलतो. पण पहिला हप्ता हातात यायला ऑक्टोबर सरत आला, आणि पुढचे हप्ते वर्ष उलटलं तरी येतच होते. ज्याला त्याच आठवड्यात पगार वाटायचे होते त्याने काय केलं असेल? खात्यावर आकडा दिसतोय, कागदोपत्री आपण धनवान आहोत, आणि द्यायला मात्र हातात काही नाही.

पैसा बुडाला नव्हता. अडला होता.

काळ अनिश्चित वाटायला लागला की एक प्रश्न सगळीकडे ऐकू येतो: थोडे पैसे पडून आहेत, सध्या कुठे टाकावेत? सगळं लक्ष त्या 'कुठे'वर असतं, आणि उत्तरंही त्याच थाटाची मिळतात. सोनं घ्या. बाजार पडलाय, शेअर घ्या. छे, अजून पडेल, थांबा. काही नको, बँकेतच बरे आहेत. प्रत्येक सल्ल्याच्या पोटात उद्या काय होणार याचा एक अंदाज दडलेला असतो, आणि असले अंदाज चालेनासे होतात तेव्हाच तर आपण काळाला अनिश्चित म्हणतो. फ्रँक नाइट या अर्थतज्ज्ञाने १९२१ मध्ये मोजता येणारी जोखीम वेगळी आणि मोजताच न येणारी अनिश्चितता वेगळी, असा भेद केला होता. फाशाला सहा बाजू आहेत हे माहीत असताना खेळणं आणि बाजू किती आहेत हेच ठाऊक नसताना खेळणं यात जे अंतर आहे, ते हेच. म्हणून 'कुठे'च्या आधी दुसरा प्रश्न विचारलेला बरा: हे पैसे नको त्या वेळी, नाइलाजाने मोडायची पाळी माझ्यावर कशामुळे येऊ शकते? याचं प्रामाणिक उत्तर मिळालं की 'कुठे'चं निम्मं ओझं उतरतं.

आधी ते 'पडून आहेत' तपासावं लागतं. खात्यावर दिसणारी शिल्लक आणि खरोखर जास्तीचा पैसा यांत बराच फरक असतो, आणि तो काढायला कागदावर साध्या वजाबाक्या कराव्या लागतात. पहिली वजाबाकी कर्जाची, तीही सगळ्यांत महाग कर्जापासून. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला हलकं वाटतं. चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातं. असं कर्ज अंगावर असताना आठ टक्क्यांची गुंतवणूक शोधत हिंडणं म्हणजे स्वतःच्या हिशेबाकडे पाठ फिरवणं. ते फेडून जे व्याज वाचतं, तितका खात्रीचा परतावा जगातला कुठलाही फंड देत नाही. दुसरी वजाबाकी अडीअडचणीच्या पैशाची. पगार नियमित असेल तर सहा महिन्यांचा खर्च, उत्पन्न वरखाली होणारं असेल किंवा कमावणारं माणूस एकटंच असेल तर नऊ ते बारा महिन्यांचा. इथे नेहमीची चूक अशी की लोक उत्पन्नाचे महिने मोजतात; मोजायचा असतो खर्च, आणि त्यात कर्जाचे हप्ते व विम्याचे वार्षिक हप्तेही धरायचे असतात. तिसरी वजाबाकी पुढच्या तीन वर्षांत नक्की येणाऱ्या खर्चांची: शिक्षण, घराची दुरुस्ती, ठरलेली शस्त्रक्रिया. या तिन्हींनंतर जे उरेल ते जास्तीचं. पुष्कळदा काहीच उरत नाही, आणि ते कळणं हेही उत्तरच असतं, मनाला कितीही खट्टू करणारं असलं तरी.

बाकीच्या गोष्टी धावत्या सांगितल्या तरी चालतील, पण अडीअडचणीच्या पैशापाशी मी मुद्दाम थांबतो. तो 'नुसता पडून' असतो म्हणून डोळ्यांत खुपतो, आणि बाजार वर जात असताना तर जास्तच. पण मंदीत एकट्याने काही घडत नाही. शेअर पडतात, त्याच महिन्यांत नोकऱ्या जातात, त्याच महिन्यांत घरांना गिऱ्हाईक मिळत नाही, आणि बँका कर्ज द्यायला हात आखडता घेतात, तेही तेव्हाच. आपलं उत्पन्न आणि आपली गुंतवणूक एकाच फांदीला लटकलेली असते, हे आपण फांदी मोडेपर्यंत विसरून जातो. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीखात्यांत २००० सालच्या अखेरीला साठ टक्क्यांहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्वद डॉलरपर्यंत गेलेला तो शेअर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीस एका डॉलरच्याही खाली होता. मधल्या पडझडीच्या काही आठवड्यांत, खात्यांचा व्यवस्थापक बदलला जात होता म्हणून, त्या खात्यांतले शेअर विकायलाच मनाई होती. पगार, बचत आणि बाहेर पडायचं दार, तिन्ही एकाच कंपनीच्या हातात. ज्या क्षेत्रात नोकरी त्याच क्षेत्राचे शेअर 'आपल्याला त्यातलं कळतं' म्हणून घेणाऱ्यांनी हे एकदा आठवावं.

हा अडीअडचणीचा पैसा ठेवायचा कुठे, याचं उत्तर अगदीच नीरस आहे. थोडा बचत खात्यात, बाकीचा लहानलहान मुदत ठेवींत किंवा फार अल्प मुदतीच्या सरकारी कागदांत. रक्कम एकाच मोठ्या ठेवीत घातली की गरज दहाची असली तरी शंभराची ठेव मोडावी लागते आणि सगळ्या शंभरावरचं व्याज कापलं जातं. तीच रक्कम पाच ठेवींत वाटली की एक मोडते, चार शाबूत राहतात. दोन वेगळ्या बँका असाव्यात, कारण एक बंद पडली तर निदान दुसरीतून महिना काढता येतो. ठेवविम्याची मर्यादा, म्हणजे बँक बुडाली तरी किती रक्कम नक्की परत मिळेल, ती वाचून घ्यावी. ती साधारणपणे एका माणसाला एका बँकेत किती, अशी असते, आणि एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे वाटल्याने ती चौपट होत नाही. मार्च २०१३ मध्ये सायप्रसच्या बँका जवळजवळ दोन आठवडे बंद राहिल्या. उघडल्या तेव्हा दिवसाला तीनशे युरोच काढता येत होते. विम्याच्या मर्यादेत, म्हणजे एक लाख युरोपर्यंत, ज्यांचे पैसे होते ते वाचले. त्यावरच्या रकमेपैकी बँक ऑफ सायप्रसमध्ये ४७.५ टक्के रक्कम ठेवीदारांच्या नावावर बँकेचे शेअर होऊन बसली. बँकेतला पैसा म्हणजे आपण बँकेला दिलेलं कर्ज, हे एरवी कुणाला आठवतही नाही.

मग सगळंच बँकेत का ठेवू नये? महागाईमुळे. समजा ठेवीवर ७ टक्के व्याज आहे, त्यावर ३० टक्के कर गेला, उरले ४.९, आणि महागाई साडेपाच. पावतीवरचा आकडा दर वर्षी वाढतो आणि त्यात येणारं सामान दर वर्षी किंचित कमी होतं. महागाई ६ टक्के राहिली तर पैशाची खरेदीची ताकद निम्मी व्हायला किती वर्षं, हे काढायला बहात्तरला सहाने भागायचं: साधारण बारा. हा तोटा कधी लाल आकड्यात दिसत नाही, त्याचा संदेश फोनवर येत नाही, म्हणून त्याची भीतीही वाटत नाही. शेअर वीस टक्के पडले तर माणूस रात्री दोनदा उठून स्क्रीन उजळवून बघतो. महागाईने तेवढंच नेलं तरी झोप शाबूत. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला बरंच जास्त जाणवतं. त्याला माझी एक पुस्ती: दिसेल असं गमावल्याचं.

तीन ते सात वर्षांनी लागणाऱ्या पैशासाठी रोखे असतात, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला ठरलेल्या व्याजाने दिलेलं कर्ज, आणि सुरक्षित या शब्दाने सगळ्यांत जास्त फसगत होते तीही इथेच. सरकारी रोखा बुडत नाही हे बहुतेक वेळा खरं, पण त्याची किंमत घसरत नाही हे खोटं. व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्याला कोण विचारणार? त्याचा भाव पडतो. किती, याचं एक कामचलाऊ माप आहे: ड्युरेशन. फंडाच्या माहितीपत्रकात ते छापलेलं असतं. ड्युरेशन ७ असेल आणि व्याजदर एका टक्क्याने वाढले, तर भाव सुमारे ७ टक्के उतरतो. दर तेवढेच घटले तर तेवढाच चढतो. ऑस्ट्रियाने २०२० मध्ये शंभर वर्षांचा रोखा काढला, व्याज ०.८५ टक्के. ऑस्ट्रिया आजही वेळच्या वेळी व्याज देते. तरी २०२२ मध्ये दर चढले तेव्हा तोच रोखा दर्शनी किमतीच्या निम्म्याहून खाली विकला जात होता. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं दुखणंही याच जातीचं. व्याजदर तळाला असताना तिने ठेवीदारांच्या पैशांतून लांब मुदतीचे रोखे घेतले. सरकारी, उत्तम प्रतीचे. मार्च २०२३ मध्ये रोकड कमी पडली म्हणून २,१०० कोटी डॉलरचे रोखे १८० कोटींच्या तोट्यात विकावे लागले. ती बातमी फुटल्यावर एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर परत मागितले गेले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी बँक बंद. मुदत पुरी होईपर्यंत थांबता आलं असतं तर त्या रोख्यांचे पैसे पूर्ण मिळाले असते. थांबता आलं नाही.

त्या तीन सेंटांची आणि या १८० कोटींची जात एकच आहे.

म्हणून रोख्यांच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच, की पैसा किती वर्षांनी लागणार तो आकडा आणि ड्युरेशनचा आकडा शेजारी ठेवून बघावेत. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर आपण सुरक्षितपणा विकत घेतलेला नाही, व्याजदरांवर पैज लावली आहे. ज्याला हा हिशेब नको त्याने शिडी लावावी: रकमेचे पाच सारखे भाग, मुदती एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षं, पहिली पुरी झाली की ती पुन्हा पाच वर्षांना. पाचव्या वर्षी सगळेच भाग पाच वर्षांच्या दरावर आलेले असतात, आणि तरीही दर वर्षी एक भाग हातात मोकळा पडतो. दर वाढले तर वाढलेल्या दराने गुंतवायला काही तरी मिळतं, घटले तर निम्म्याहून जास्त जुन्या दरावर बांधलेलं असतं. यात बिघडतं ते एकाच ठिकाणी: ठेव घेताना आपोआप नूतनीकरणाच्या चौकटीत खूण राहून जाते, आणि पाच वर्षांची ठेव त्या दिवशीच्या दराने पुन्हा बांधली गेलेली असते. मुदतीच्या तारखा स्वतःच्या कॅलेंडरात, आठवडाभर आधीच्या आठवणीसह लिहून ठेवाव्यात. आणि दोन टक्के जास्त व्याज देणारा कमी पतमानांकनाचा रोखा? ते दोन टक्के अशासाठी असतात की कधी तरी सगळी मुद्दलच अडू शकते. जास्तीचं व्याज हवं असेल तर त्याची किंमत शेअरमध्ये मोजावी, रोख्यात नको, असं माझं मत.

शेअरकडे येताना जीभ जरा जड होते, कारण इथे दोन्ही बाजूंनी खरं बोलता येतं. २०२० मध्ये १९ फेब्रुवारी ते २३ मार्च या काळात एसअँडपी ५०० हा अमेरिकी निर्देशांक ३४ टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा आधीच्या उंचीवर होता. ज्याने डोळे मिटून घेतले, त्याला उघडल्यावर काही घडल्यासारखं वाटलंच नसेल. डाऊ जोन्स हा दुसरा अमेरिकी निर्देशांक मात्र सप्टेंबर १९२९ ते जुलै १९३२ मध्ये ८९ टक्के उतरला आणि जुनी पातळी गाठायला नोव्हेंबर १९५४ उजाडलं. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ मधल्या व्यवहाराच्या शेवटच्या दिवशी ३८,९१५ वर होता. तो आकडा त्याने ओलांडला फेब्रुवारी २०२४ मध्ये. लाभांश धरला, हप्त्याहप्त्याने घेतलेले शेअर धरले, तर ही चित्रं एवढी भीषण राहत नाहीत, पण गोड तरी कशी म्हणावी? पडझडीच्या पहिल्या महिन्यात ही २०२० आहे की १९२९, हे सांगणारं माणूस अजून जन्माला आलेलं नाही. बाकी साधं अंकगणित: ३४ टक्के पडल्यावर भरून यायला ५२ टक्के चढावं लागतं, ५० पडल्यावर १००, ८९ पडल्यावर ८०० हून जास्त. म्हणून सात-आठ वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये नको, एका देशाच्याच शेअरमध्येही नको, आणि एखाद-दोन कंपन्यांत तर नकोच. बाजाराचा अख्खा निर्देशांक विकत घेणारा फंड १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी सर्वसामान्यांसाठी आणला. पंधरा कोटी डॉलर जमतील अशी आशा होती, जमले १.१३ कोटी. लोकांनी त्याला बोगलचा खुळेपणा म्हटलं. त्या खुळेपणाचं मर्म खर्चात होतं. वर्षाला ८ टक्के मिळवणाऱ्या शंभराचे पंचवीस वर्षांनी दीड टक्का खर्च कापून ४८३ होतात, आणि ०.२ टक्के कापून ६५४. बाजार काय करणार ते आपल्या हातात नसतं. हा १७१ चा फरक मात्र पहिल्याच दिवशी, फंड निवडताना, आपल्या हातात असतो.

मग एकदम घालावे की थोडे थोडे? बोगल यांच्याच व्हॅन्गार्ड या फंड कंपनीने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजारांची जुनी आकडेवारी तपासली, तेव्हा साधारण दोन-तृतीयांश वेळा एकरकमी गुंतवणूक वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा पुढे निघाली होती. कारण सरळ आहे: बाजार पडण्यापेक्षा चढतो जास्त वेळा, आणि हप्त्यांची वाट पाहणारा पैसा तेवढा काळ बाहेर राहतो. तरीही घाबरलेल्या माणसाला मी हप्तेच सांगेन. उरलेल्या एक-तृतीयांशात जो सापडतो तो बहुधा तळाशी सगळं विकून बाजाराचं नाव टाकतो, आणि ते नुकसान कुठल्याही तक्त्यात येत नाही. हप्ते सहा ते बारा असावेत, तारीख आणि रक्कम आधीच ठरलेली, खात्यातून आपोआप जाणारी. बारांच्या पुढे गेलं की ती निव्वळ चालढकल. आणि बिघडतं ते चौथ्या-पाचव्या हप्त्याला: बाजार आणखी पडलेला असतो, बातम्या काळ्याकुट्ट असतात, आणि माणूस 'जरा स्थिर होऊ दे' म्हणत हप्ता थांबवतो. ज्या दिवसासाठी हप्ते लावले होते, नेमका तोच दिवस सुटतो.

सोन्याबद्दल लोक हळवे असतात, म्हणून नुसते आकडे देतो. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलर. १९९९ मध्ये अडीचशेच्या आसपास. ८५० चा आकडा पुन्हा ओलांडला जानेवारी २००८ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी, आणि तोवर महागाईने त्या डॉलरची किंमत केव्हाच खाल्ली होती. सोनं व्याज देत नाही, लाभांश देत नाही. संकटात ते तारतं, असं म्हणतात. पण २००८ च्या मार्चमध्ये हजार डॉलरवर गेलेलं सोनं त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, भीती टोकाला असताना, सातशेच्या आसपास होतं. ज्यांना रोकड हवी होती त्यांनी जे विकलं जात होतं ते विकलं. पुढच्या वर्षांत ते जोरात चढलं हेही खरंच. सरकारं वाटेल तेवढा पैसा छापतील या भीतीवरचा तो विमा आहे; विम्याइतकाच, शंभरात पाच-दहा ठेवावा, आणि दागिन्यांच्या रूपात नको, कारण घडणावळ परत मिळत नाही. जमीनजुमल्याचं सांगायचं तर एकच: अडचण आली म्हणून घराची एक खोली तेवढी विकता येत नाही.

सगळं थोडं थोडं घेतलं म्हणजे झालं का? नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत शेअर सुमारे १८ टक्के आणि रोखेही सुमारे १३ टक्के घसरले, एकाच वर्षात. एक पडलं की दुसरं सावरतं हा नियम बऱ्याच वर्षांनी मोडला, आणि त्यावर विसंबलेल्यांचे चेहरे उतरले. तरीही वाटणीला पर्याय नाही. फक्त तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. वाटणीचं शास्त्र १९५२ मध्ये मांडणाऱ्या हॅरी मार्कोविट्झना पुढे नोबेल मिळालं. स्वतःच्या निवृत्तीच्या पैशाचं मात्र त्यांनी सरळ निम्मं शेअरमध्ये आणि निम्मं रोख्यांत केलं होतं. शेअर चढले आणि आपण बाहेर असलो तर, किंवा कोसळले आणि आपण पूर्ण आत असलो तर, या दोन्ही पश्चात्तापांतून सुटायचं होतं, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. मला यात विसंगती दिसत नाही. समीकरणं कुणाचीही असोत, निभवायचं शेवटी स्वतःच्या मनाला असतं.

वाटणी ठरवली की ती राखावी लागते, आणि हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. समजा शंभरातले ५० शेअर, ४० रोखे, १० सोनं. शेअर ४० टक्के पडले: ३०, ४०, १०, एकूण ८०. शेअरचा हिस्सा आता साडेसदतीस टक्के. मूळ प्रमाणावर यायचं तर ८ रोख्यांतून आणि २ सोन्यातून काढून शेअरमध्ये घालायचे. कागदावर दोन ओळींचं गणित. पण ज्या दिवशी ते करायचं त्या दिवशी अख्खं जग शेअर विकत असतं, आणि आपल्याला टिकून राहिलेलं विकून पडलेलं घ्यायचं असतं. हात थरथरतो. म्हणून वर्षातून एक तारीख ठरवावी, आणि एरवी प्रमाण पाच टक्क्यांहून जास्त हललं तरच हात लावावा. नवे पैसे येत असतील तर विकण्याऐवजी तेच कमी झालेल्या बाजूला वळवावेत. कर आणि व्यवहाराचा खर्च वाचतो. अडीअडचणीचा पैसा या शंभरात धरायचाच नाही. तो धरला की पडझडीत 'एवढी रोकड आहे, शेअर घेऊन टाकू' अशी ऊर्मी येते, आणि दोन महिन्यांनी नोकरी गेली की तेच शेअर आणखी खालच्या भावात विकावे लागतात.

असल्याच काळात आणखी एक दरवाजा ठोठावला जातो: दर महिन्याला ठरावीक, न चुकणारा परतावा देऊ म्हणणाऱ्या योजनांचा. बाजार हेलकावे खात असताना कुणाचा आलेख सरळ रेषेत वर जात असेल तर कौतुक वाटायच्या आधी पोटात गोळा यायला हवा. नव्यांच्या पैशांतून जुन्यांना परतावा देणाऱ्या बर्नार्ड मॅडॉफ या अमेरिकी ठगाचा आलेख असाच गुळगुळीत होता. हॅरी मार्कोपोलोस नावाचा विश्लेषक २००० सालापासून अमेरिकी नियामकाला लिहून कळवत होता की हे आकडे शक्यच नाहीत. पण मॅडॉफ उघडा पडला डिसेंबर २००८ मध्ये, गुंतवणूकदारांनी सुमारे ७०० कोटी डॉलर परत मागितले तेव्हा. अशा योजनांची परीक्षा माहितीपत्रक वाचून होत नाही. थोडी रक्कम परत मागून बघावी, आणि पैसे यायला किती दिवस लागतात, मधे किती गोड फोन येतात, ते मोजावं. जी योजना पैसे काढायला गेल्यावर 'आता कशाला, पुढच्या तिमाहीत बोनस आहे' म्हणते, तिच्यातून उरलेलेही काढून घ्यावेत.

राहता राहिली एक पाळी, जिच्याबद्दल बोलायला कुणालाच आवडत नाही. पैसे मोडायची गरज पडते आणि मोडणारा माणूस शुद्धीवर नसतो, किंवा असतच नाही. तेव्हा सगळी वाटणी, शिड्या, ड्युरेशन बाजूला राहतात आणि घरातलं माणूस रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून फोनचा पासवर्ड आठवत असतं. म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च तरी दोघांपैकी कुणालाही काढता येईल अशा संयुक्त खात्यात असावा. प्रत्येक ठेवीला, फंडाला, विम्याला वारसाचं नाव लावलेलं असावं, आणि ते नाव आजच्या नात्यांशी जुळतं का ते पाहावं. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांत वारस म्हणून कधीच्या वारलेल्या आजोबांचं नाव तसंच राहिलेलं असतं. वारसनोंदीने पैसे कुणाच्या हाती पडणार ते ठरतं, मालक कोण ते पुष्कळ ठिकाणी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतं. तेव्हा दोन्हींतली नावं जुळवून घ्यावीत. आणि एका पानावर यादी करावी: कोणती संस्था, खात्याचे शेवटचे चार आकडे, अंदाजे रक्कम, मुदतीची तारीख, कर्ज असेल तर कुणाचं, आणि कुठली गुंतवणूक आधी मोडायची, कुठली शेवटी. पासवर्ड त्या पानावर लिहू नयेत. यादी छापून, तारीख घालून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावी, आणि त्याच्याकडून एक लहानशी ठेव आपल्या देखत मोडून घ्यावी, म्हणजे कुठली सही जुळत नाही आणि कुठला जुना फोन नंबर अजून नोंदलेला आहे, ते आजच कळतं.